टेबलाच्या पायाखालचा परवाना

मित्रांनो, मी एक जुना परतीचा परवाना आहे. रंगाने निळसर हिरवा, अंगाने सडपातळ. लांबून पाहिलेत तर पासपोर्टच म्हणाल. सध्या माझा मुक्काम कॅलिफोर्नियातल्या डेली सिटी गावात, एका स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या आखूड पायाखाली आहे. टेबलावर भाताचा मोठा कुकर असतो. त्याच्या वजनाने माझी पाठ मोडली आहे आणि पुठ्ठ्यावरचे सोनेरी चित्र घासून गेले आहे. तुम्ही म्हणाल, म्हातारपणी सगळ्यांचेच असे होते. नाही! मला इथे शिक्षा म्हणून घातले आहे, आणि ती शिक्षा माझ्या वाट्याची नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! म्हणून आज मी जे सांगणार आहे ते गोड आवाजात सांगणार नाही.

माझा जन्म सरकारी छापखान्यातला. ज्याला अमेरिकेत कायम राहण्याचे कार्ड मिळाले आहे, पण जो अजून नागरिक झालेला नाही, त्याला फार दिवस देशाबाहेर राहून चालत नाही. वर्षभर बाहेर राहिला तर परत येताना विमानतळावरच त्याला धरतात. "तुम्ही इथे राहता की तिकडे?" असे विचारतात, आणि कार्ड जाण्याची वेळ येते. म्हणून जाण्याआधी अर्ज करायचा, बोटांचे ठसे द्यायचे, की माझ्यासारखा एक परवाना हाती पडतो. माझे आयुष्य दोन वर्षांचे. मी दारावर एवढेच सांगतो, की ह्या माणसाला परत यायचे आहे, त्याला अडवू नका. एवढेच. हा 'एवढेच' शब्द लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट तो शब्द न वाचल्यामुळे झाली आहे.

माझी मालकीण इलुमिनादा दिमाकुलांगान. सगळे तिला लुमिंग म्हणतात. तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती. नवरा वारलेला. मुलगी ग्लेन्दा इथे नर्स झाली, नागरिक झाली आणि तिने आईला आणले. लुमिंग म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या एका घरात काम करायची. तिथे सहा म्हातारे होते. त्यांना अंघोळ घालायची, भरवायची आणि त्यांच्या शिव्याही खायची.

मुलगा आर्नेल मात्र तिकडेच राहिला, फिलिपिन्समध्ये, बातांगासमधल्या त्यांच्या गावी. तो मोठा होता, आईबरोबर येऊ शकत नव्हता. कार्ड मिळताच लुमिंगने त्याच्यासाठी अर्ज करून त्याला रांगेत उभे केले. पण त्या अर्जाला एक अट होती, आणि ती ऐकून तुमच्याही कपाळाची शीर उठेल. आई नुसती कार्डवाली असेपर्यंत मुलाने लग्न करायचे नाही. केले, तर अर्ज त्याच दिवशी मेला. आई नागरिक झाली की मग खुशाल करावे. रांग लांबते, पण रांगेतली जागा जात नाही.

आर्नेलचे लग्न ठरलेले होते. मुलगी मारिसेल, गावातल्याच शाळेत शिक्षिका. साखरपुड्याला पाच वर्षे झाली होती. म्हणजे पाहा, पॅसिफिक महासागराच्या एका काठावर एक बाई म्हाताऱ्यांचे पाय चेपत दिवस मोजत होती, आणि दुसऱ्या काठावर दोन माणसे तिच्या नागरिकत्वाच्या शपथेची वाट पाहत आपले लग्न अडवून बसली होती. कार्ड मिळाल्यापासून पाच वर्षे भरायची, मग अर्ज, मग शपथ आणि मग लग्न. सगळ्यांनी सगळे मान्य केले होते.

पाच वर्षे भरायला दीड वर्ष उरले असताना लुमिंगच्या आईला झटका आला. लुमिंग तडक कुया बोयेतच्या दुकानात गेली. कुया म्हणजे दादा. त्याच्याहून मोठ्या बायकाही त्याला कुयाच म्हणत. सुकी मासळी, फोनची कार्डे, गावी खोकी पाठवणे आणि सरकारी फॉर्म भरून देणे, असे त्याचे चार धंदे एकाच काउंटरवर चालत.

"आते लुमिंग," तो म्हणाला. (आते म्हणजे त्यांच्यात थोरली बहीण. तुमच्या वडिलांची बहीण नव्हे.) "आई अठ्ठ्याऐंशीची. कधी जावं लागेल सांगता येतं का? परतीचा परवाना काढून ठेवा. दोन वर्षं बिनघोर."

"दोन वर्षं? आणि बाकीचं?"

"बाकीचं काय? कार्ड शाबूत तर सगळं शाबूत. इथं सही करा."

आणि मी आलो, जानेवारीत. मित्रांनो, काय माझे कौतुक! लुमिंगने मला देव्हाऱ्यात ठेवले, बाळ येशूच्या मूर्तीच्या पायाखाली. रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्या बायका घरी आल्या, तेव्हा मी हातोहात फिरलो. "दोन वर्षं! नशीबवान आहेस बाई," असे म्हणत एकीने तर मला कपाळाला लावले. पण त्या सात बायकांपैकी एकीनेही मला उघडून वाचले नाही. मला तेव्हाच ओरडावेसे वाटले होते. पण कागदाला तोंड कुठे असते?

दोन फेब्रुवारीला लुमिंगची आई गेली. तीन तारखेला लुमिंग विमानात बसली. तिच्या पर्समध्ये मी होतो.

गावी पोचल्यावर दफन झाले. मग नऊ दिवसांच्या प्रार्थना, मग चाळिसावा दिवस. त्या लोकांत मेलेल्या माणसासाठी वर्षभर काळे घालतात, निदान छातीवर एक काळी टाचणी तरी लावतात. वर्ष भरले की तुमच्याकडच्या वर्षश्राद्धासारखा दिवस असतो. प्रार्थना होते, गावजेवण होते, आणि थोरल्या मुलीने काळे उतरवून रंगीत कपडा घालायचा असतो. मग मेलेला मोकळा आणि मागे राहिलेलेही मोकळे. थोरली मुलगी लुमिंगच होती. घराची वाटणी झाली, आईच्या कॉफीच्या झाडांचा निकाल लागला, आजारी मावशीला दवाखान्यात नेऊन आणले, असे करत महिने गेले. तरी तिला इतके ठाऊक होते, की वर्षाच्या आत परतायचे. डेली सिटीतल्या पोरासोरालाही ठाऊक असते ते. म्हणून तिचे तिकीट अठ्ठावीस जानेवारीचे होते. वर्षश्राद्ध होते दोन फेब्रुवारीला.

पाच दिवस! त्या पाच दिवसांवरून गावाने तिला सळो की पळो करून सोडले. "अमेरिकेची झाली ना आता! आईचं काळं उतरवायलाही थांबवत नाही हिला," असे मावशीच भर अंगणात म्हणाली. लुमिंग रडली. तेव्हा मारिसेल तिच्याजवळ येऊन बसली.

"नानाय," ती म्हणाली. आर्नेल आईला नानाय म्हणायचा, म्हणून तीही म्हणायची. "पाच दिवसांसाठी आजीला अर्ध्यावर सोडणार? तो परवाना आहे ना तुमच्याकडे? दोन वर्षांचा?"

लुमिंगने मला पर्समधून काढले. माझ्यावरची तारीख पाहिली, फक्त तारीख! मग डोळे पुसले. "हो की गं. आहे की माझ्याकडे."

आर्नेलने जाऊन तिकीट सहा फेब्रुवारीचे करून आणले.

मित्रांनो, मी नसतो तर ती अठ्ठावीसला निघाली असती. कार्ड जाईल ह्या भीतीने निघालीच असती, मग मावशी काहीही म्हणो. मी होतो म्हणून ती थांबली. हे मी इतकी वर्षे कुकरखाली उगाळतो आहे आणि अजून माझे समाधान होत नाही.

दोन फेब्रुवारीला तिने काळी टाचणी काढली आणि गुलाबी झगा घातला. सहा तारखेला विमानतळावरच्या माणसाने मला उघडले, कार्ड पाहिले आणि "वेलकम होम" म्हणाला. माझे काम मी चोख केले. तो माझ्या आयुष्यातला शेवटचा अभिमानाचा क्षण.

पुढे पाच वर्षे भरत आली. कुया बोयेतनेच नागरिकत्वाचा फॉर्म भरला. सप्टेंबरात मुलाखतीचे बोलावणे आले. लुमिंगने तोच गुलाबी झगा घातला आणि मला पर्समध्ये घेतले.

समोरची अधिकारी तरुण होती आणि फार नम्र होती. ओरडणारा माणूस मला परवडतो. नम्र माणसावर उलट ओरडताही येत नाही.

"मागच्या वर्षी तीन फेब्रुवारीला गेलात, ह्या वर्षी सहा फेब्रुवारीला आलात. मध्ये एकदाही इकडे आला नाहीत?"

"नाही. आई गेली माझी."

"ऐकून वाईट वाटलं."

लुमिंगने मला काढून दोन्ही हातांनी तिच्यापुढे सरकवले. "हा आहे ना माझ्याकडे. दोन वर्षांचा. अजून मुदत आहे त्याची."

तिने मला उघडलेही नाही. ती मला ओळखत होती. "हा कार्ड राखतो, मॅडम. नागरिकत्वासाठी इथं सलग राहावं लागतं, ते हा राखत नाही. वर्षभराच्या गैरहजेरीनं ते तुटलं."

"पण तुमच्याच सरकारनं दिलाय ना हा?"

"हो."

"म्हणजे सरकारला माहीत होतं मी जाणार आहे."

"हो."

"मग?"

बाईने फॉर्मवरच्या दोन तारखांवर पेन टेकवले. लुमिंगचा आवाज चढला. "तीन दिवस! अहो, तीन दिवस जास्त झालेत फक्त! माझं तिकीट अठ्ठावीसचं होतं."

"अठ्ठावीसला आला असतात तर आम्ही प्रश्न विचारले असते. सहा महिन्यांच्या वर झालं की विचारतोच. घर ठेवलं होतं का, नोकरी होती का, कर भरला का. तुम्ही कागद दाखवले असते, बोलता आलं असतं. वर्ष झाल्यावर बोलायला जागा राहत नाही."

"आता काय करू मी?"

"परत आलात त्या दिवसापासून चार वर्षं आणि एक दिवस. मग पुन्हा अर्ज करा."

"तो एक दिवस कशाला?"

"नियम आहे."

मला विचाराल, मित्रांनो, तर राग यावा असे हेच आहे. आई मेली हे त्यांच्या फॉर्मवर कुठल्याच रकान्यात बसत नाही. दिवस बसतात. सहा म्हाताऱ्यांची कूस पालटून पालटून वाकलेले तिचे मनगट बसत नाही, दिवस बसतात. आणि दोन कायदे एकाच सरकारचे, पण एकाला दुसऱ्याशी बोलायची गरज वाटत नाही. एक म्हणतो, जा बाई दोन वर्षे. दुसरा तिच्या पाठीमागे घड्याळ मोडून ठेवतो.

तिथून ती थेट कुया बोयेतच्या दुकानात गेली आणि मला त्याच्या मासळीच्या वजनकाट्यावर आपटले.

"आते, मी काय म्हटलं होतं? कार्ड शाबूत. आहे ना शाबूत?"

"मी 'बाकीचं' विचारलं होतं तुला!"

"बाकीचं म्हणजे मला वाटलं नोकरी, भाडं, असलं काही. नागरिकत्वाचं नाव तरी काढलंत का तुम्ही?"

"तुला वाटलं! माझ्या पोराचं लग्न तुझ्या वाटण्यावर टांगलं मी! आणि मेल्या, नागरिकत्वाचा फॉर्म भरताना तारखा तूच लिहिल्यास ना? तेव्हा डोळे काय मासळीत होते तुझे?"

"चार वर्षांनी या. तुमच्याकडून फॉर्मचे पैसे घेणार नाही," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाची मासळी बांधू लागला.

असली माणसे प्रत्येक गल्लीत असतात. अर्धे सांगतात, ते खरे असते, म्हणून त्यांचे काही वाकडे होत नाही. उरलेले अर्धे ज्याने त्याने आपल्या आयुष्याच्या खर्चाने शिकायचे.

घरी ग्लेन्दा कुकर लावत होती. सगळे ऐकून म्हणाली, "मी फोनवर सांगितलं होतं, अठ्ठावीसलाच ये."

"तुला पोरं सांभाळायला माणूस हवं होतं म्हणून सांगितलंस!"

"हो, म्हणूनच सांगितलं. पण सांगितलं होतं ना?"

टेबल डुगडुगत होते, नेहमीसारखेच. लुमिंगने माझ्याकडे पाहिले. मग खाली बसली, टेबल उचलले आणि मला आखूड पायाखाली सरकवले. "आता तरी उपयोगाचा हो," असे म्हणाली. देव्हाऱ्यातून निघालो तो थेट फरशीवर.

डिसेंबरात आर्नेलचा फोन आला. लुमिंगने फोन कुकरला टेकवून ठेवला होता, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"नानाय, आम्ही एप्रिलमध्ये लग्न करतोय."

"अर्ज मरेल, पोरा. इतकी वर्षं रांगेत आहेस तू. त्याच दिवशी मरेल तो."

"माहीत आहे."

"त्या चारातले दहा महिने तर सरले. सव्वातीन वर्षं काढ की कशीबशी."

मग मारिसेलचा आवाज आला. "नानाय, मी छत्तीस वर्षांची आहे. तुम्हाला थांबा म्हणणारी मीच, म्हणून आजवर तोंड उघडलं नाही. पण आता पुरे झालं. तुमच्या सरकारसाठी मी माझी कूस रिकामी ठेवणार नाही."

"माझं सरकार?" लुमिंग किंचाळली. "अजून कुठं झालंय ते माझं!"

दोघी एकमेकींवर ओरडल्या, आणि मग एकदम दोघीही रडायला लागल्या. आर्नेल मध्येमध्ये नुसता "नानाय, नानाय" करत होता. शेवटी लुमिंग म्हणाली, "करा. मी येते. नऊ दिवस येते."

ती गेली आणि दहाव्या दिवशी परत आली. त्या नऊ दिवसांत तिने मुलाच्या लग्नात जेवताना किती वेळा कॅलेंडर पाहिले असेल, ते मी सांगू शकत नाही. मी इथे पायाखाली होतो. पुढे अर्ज रद्द झाल्याचे पत्र आले. ते तिने वाचले, घडी घातली आणि बाळ येशूच्या पायाखाली, माझ्या जुन्या जागेवर ठेवले. वर्षाने नातू झाला. फोनवर ती त्याला अंगाई म्हणायची आणि तो फोनचा पडदा चाटायचा.

चार वर्षे झाली. वरचा एक दिवसही झाला. ह्या वेळी लुमिंगने फॉर्म स्वतः भरला, चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून. शपथ घेतली तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती. दुसऱ्याच दिवशी तिने आर्नेलसाठी नवा अर्ज केला. आता तो लग्न झालेला मुलगा, म्हणजे नवी रांग आणि शेवटचा नंबर. ती रांग वीस वर्षांहून लांब आहे. "विमानतळावर त्याला आणायला माझा फोटो जाईल," ती ग्लेन्दाला म्हणाली आणि भात वाढू लागली.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, हा परवाना आता काय मागणार? मला पायाखालून काढा, असे मी म्हणत नाही. पण कुणी तुमच्या हाती माझ्यासारखा कागद ठेवला, तर त्याला कपाळाला लावू नका. त्याला उघडा. तो काय काय देतो ते वाचा आणि काय देत नाही ते दहा माणसांना विचारा. कागद नुसता प्लास्टिकच्या पिशवीत जपून त्याची निगा होत नाही.

गेल्या आठवड्यात चर्चमध्ये गाणारी नोएमी घरी आली. पस्तिशीची आहे, कार्ड मिळून तीन वर्षे झालीत. तिचे वडील अखेरच्या घटका मोजत आहेत.

"आते, तुमच्याकडे तो परतीचा परवाना होता ना? मला पण काढायचाय. म्हणजे वर्षभर राहता येईल, काळं उतरेपर्यंत."

लुमिंग खाली बसली, टेबल उचलले आणि सहा वर्षांनी मला बाहेर ओढले. कुकर कलंडता कलंडता राहिला.

"हे बघ. वडिलांसाठी जा. पाच महिन्यांच्या आत परत ये. इथं राहा, काम कर. मग वर्ष भरलं की पुन्हा जा आणि काळं उतरवून ये."

"असं तुकड्यातुकड्यांनी दुःख करायचं, आते?"

"हो! इथं तसंच करावं लागतं. मला नाही कळलं, माझ्या पोरानं भरलं ते. आर्नेल अजून भरतोय."

"पण परवाना असल्यावर…"

लुमिंगने मला झाडले, फुंकर मारली आणि तिच्या हातात दिले. "वाच. पहिल्या पानापासून, मोठ्यानं. आणि जिथं नागरिकत्वाची हमी दिसेल तिथं थांब. मग मी तुला स्वतः घेऊन जाते अर्ज करायला."

नोएमीने मला उघडले. इतक्या वर्षांत कुणी मला पहिल्यांदाच वाचत होते. ती एकेक पान मोठ्याने वाचत गेली. लुमिंग हात बांधून समोर उभी होती. शेवटचे पान झाले, मागचा पुठ्ठा आला.

ती कुठेच थांबली नव्हती.